पतीचा मोबाइल नंबर

मला किळस लवकर येते. वर्गात कुणी शिंकून हात बाकाला पुसला, तरी दुपारचा डबा माझ्या घशाखाली उतरत नाही. तेवीस वर्षं शाळेत काढली, तरी ही खोड गेली नाही. पण ही किळस हात धुतले की जाते. दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीसमोर आली ती मात्र अजून माझ्या तोंडात कडू होऊन बसली आहे.

गेल्या वर्षी मला सेहेचाळीस पूर्ण झाली आणि मी ठरवलं, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यायची. त्रास काही नव्हता. पण आमची आत्या त्याच कॅन्सरनं गेली. शेवटी शेवटी तिच्या अंगाला वास यायचा. पाहुण्या बायका पदर नाकाला लावून दारातूनच विचारपूस करायच्या आणि बाहेर सोप्यात येऊन गरम भज्यांवर तुटून पडायच्या. दुखणं काय, तर म्हणे पोटाचं. रोगाचं नाव कुणी घेतलं नाही, जणू नाव घेतलं तर तो आपल्याला चिकटेल. वेळेवर तपासणी केली तर असलं मरण टळू शकतं, हे मला पुढे कळलं. मला तसं मरायचं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं.

आधी दवाखान्यात फोन केला. पॅपच्या तपासणीसाठी नाव नोंदवायचं आहे, म्हटलं.

"कुणाचं? आईचं काय?"

"माझं."

"मिस्टरांचं नाव सांगा."

"लग्न झालेलं नाही."

पलीकडे कुणीतरी चहा भुरकल्याचा आवाज आला. मग "समक्ष या" म्हणून फोन आदळला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर समक्ष गेले. खिडकीशी दहा-बारा बायका होत्या, एक-दोघी जोतिबाला जाऊन तशाच आलेल्या, केसात गुलाल घेऊन. भिंतीवर महिलांच्या आरोग्याचा गुलाबी फलक आणि त्याखाली कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईनं मान वर न करता 'सौ.' लिहून टाकलं होतं.

"सौ. नाही," मी म्हटलं, "कुमारी लिहा."

तिचं पेन थांबलं. मग तिनं आवाज असा लावला, की गेटवरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू गेलं असेल. "लगीन न्हाई? मग ही तपासणी कशाला वो तुमाला? ही लगीन झालेल्यांची असती. कुणी पाठवलंय?"

रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आधी गळ्याकडे, मग पायांच्या बोटांकडे, मग पोटाकडे. मागून कुणीतरी कुजबुजलं, "कुमारीन हाय, बया!" आणि दुसरी फिदीफिदी हसली. मी दहावीच्या साठ पोरांना नुसत्या नजरेनं गप्प करणारी बाई. तिथं मात्र "बरं, बघते" एवढंच पुटपुटले आणि पाय लावून पळाले. गाडी सुरू केली. त्या बायकांची किळस आली, त्यांच्या हसण्याची आली, पण सगळ्यात जास्त माझ्या त्या "बरं"ची आली.

माझं लग्न झालं नाही, पण मी दगडाची नव्हते. सात वर्षं एक माणूस माझ्या आयुष्यात होता. पुढे त्याची बदली झाली आणि त्यानं आईनं बघितलेल्या मुलीशी लग्न केलं. हे जगात फक्त माझ्या थोरल्या बहिणीला माहीत आहे. ती गडमुडशिंगीला दिलेली. त्या दिवशी दवाखान्यातून गाडी थेट तिच्याकडे वळवली.

ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि पिठाचाच हात कपाळाला लावला. "तुला अक्कल हाय का? खरं कशाला सांगितलंस? माझं पेटीतलं जुनं मंगळसूत्र घाल आन् जा की. मिस्टरांचं नाव इचारलं तर ह्यांचं ठोक. कोण बघायला येतंय?"

पोरीच्या जातीला खोटं बोलायला घरातच शिकवतात, तेही मायेनं. मी तिचं ऐकलं.

सोमवारी अर्धी रजा टाकली आणि मंगळसूत्र घालून त्याच खिडकीशी उभी राहिले. तीच बाई. मला वाटलं, आता ओळखणार आणि सगळ्यांसमोर धिंडवडे काढणार. पण तिची नजर माझ्या गळ्यापाशी येऊन थांबली आणि चेहरा लोण्याचा झाला. "या वैनी, बसा की. उभ्या का?" आतून स्टूल सरकवलं. दोन दिवसांपूर्वी तिनं माझं तोंड पाहिलंच नव्हतं, म्हणून ते तिच्या लक्षात राहायचा प्रश्नच नव्हता. काळे मणी आणि दोन वाट्या, एवढ्यावर मी एकदम माणसात आले होते. ओरडण्यापेक्षा त्या गोडव्याची मला जास्त किळस आली.

मी भावजींचं नाव सांगितलं. तिनं 'सौ.' लिहिलं, पुढे माझं नाव आणि भावजींचं आडनाव. अशी बाई जगात कुठंच नव्हती.

"मिस्टरांचा मोबाइल नंबर?"

"माझा घ्या ना."

"न्हाई वो, रिपोर्ट मिस्टरांच्याच नंबरवर जातोय. बायकांचे फोन लागत न्हाईत, पोरं गेम खेळत बसत्यात त्यावर. आन् काय वाईट-वंगाळ निघालं तर बाप्या माणसाला आधी कळलेलं बरं. बाई घाबरती."

बाई घाबरते. आत्याच्या वेळी तिच्या यजमानांनी, आमच्या काकांनी, हेच म्हटलं होतं. तिचा रिपोर्ट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात अडीच महिने होता. पोटात जंत आहेत म्हणून तिला ते काढे पाजत राहिले. ती गेली तरी आपल्याला काय झालं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. आणि इथं मी स्वतःच्या हातानं माझा कागद दुसऱ्याच्या खिशात घालायला आले होते, नटूनथटून.

"खोडा ते," मी म्हटलं.

"आं?"

"कुमारी लिहा. नंबर माझा लिहा. आणि तपासणी मला हवी आहे. मी एका पुरुषाबरोबर सात वर्षं होते, झोपले आहे. एवढं कारण पुरतं का, की अजून सांगू?"

वर्गातला आवाज लागला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. माझ्या मागच्या बाईनं पदर आवरला आणि हातभर मागं सरकली, माझा वारा लागू नये म्हणून. खिडकीतली बाई लालबुंद होऊन जाळीपाशी वाकली. "हळू बोला की वो बाई, लोकं ऐकत्यात!"

"शनिवारी तुम्ही हळू विचारलं होतं का?"

तिनं ओळखलं की नाही देव जाणे, पण नवा केसपेपर घेतला आणि गुरुवारची वेळ दिली.

गुरुवारी तपासणी झाली. डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या, वयानं बऱ्याच मोठ्या. लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही. दुखलं थोडं, आणि दोन मिनिटांत कपडे सारखे करा म्हणाल्या. दोन मिनिटांच्या कामासाठी मला एवढा गाळ तुडवायला लागला होता. दहा दिवसांनी रिपोर्ट माझ्या फोनवर आला. सगळं ठीक होतं. वर्गाबाहेर उभी राहून मी तो चार वेळा वाचला.

मग मंगळसूत्र परत करायला गडमुडशिंगीला गेले आणि बहिणीला धारेवर धरलं. एक्कावन्न वय, तीन बाळंतपणं, तपासणी एकदाही नाही. ती आधी हसण्यावारी नेत होती. मग हळूच म्हणाली, "येते की. तारीख तूच घे. फक्त ह्यांना कळू देऊ नगंस. उगंच हजार प्रश्न इचारत्यात."

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खिडकीशी. यावेळी मी ताठ होते. वय सांगितलं, पत्ता सांगितला. खिडकीतली बाई आता माझ्याशी कुजबुजत बोलत होती.

"मोबाइल नंबर? मिस्टरांचा नगो असंल तर त्यांचा स्वतःचा द्या."

बहिणीला स्वतःचा फोन नव्हता. इतकी वर्षं मी तिच्याशी भावजींच्या फोनवर बोलत आले होते, "जरा ताईला द्या" म्हणत, आणि त्यात मला कधीच काही खटकलं नव्हतं.

मागं रांग चुळबुळायला लागली. मी माझाच नंबर सांगितला. तिनं तो लिहून घेतला, आणि माझ्या बहिणीचा रिपोर्टही दुसऱ्याच कुणाच्या तरी खिशात जायची सोय झाली.