वरच्या मजल्यावरची वाटी

नातवंडांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, ज्या भाषेतलं अक्षरही कळत नाही ती शिकायची कुठून? मी उत्तर देणार तोच तुमची शाळेची बस आली. म्हणून हसू आवरून आज लिहायला बसले आहे.

हडपसरच्या आपल्या इमारतीत वरच्या मजल्यावर आयटीतलं एक जोडपं राहायला आलं. सोबत नवऱ्याची आई. तिची डोंगराकडची बोली सोसायटीत एकालाही येत नव्हती. दिवसभर एकटी; अंथरुणातून उठेना. महिनाअखेर तिला गावी पोचवायचं, असं तिच्या मुलाने ठरवलं. गावी कोण, तर कुणीच नाही. मला ते पटेना.

मी वाटीभर शिरा घेऊन वर गेले. ती एकच शब्द बोलली. घरी येऊन मी वहीत अर्थ लिहिला: वाटी. दुसऱ्या दिवशी ती भिंत धरत धरत जिना उतरून आली. वाटीत तांदळाच्या वड्या, तोंडी तोच शब्द. मग 'खाऊ'? की 'घ्या'? की 'पुरे'? मुलाला विचारायचं नाही, हा माझा नियम. जन्मभर मी इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवलं!

आता वाटी रिकामी कशी पाठवायची? मी खिचडी पाठवली. तिच्याकडून काहीतरी भयंकर आंबट आलं. मी करंज्या केल्या. पंधरा दिवस वाटी वर-खाली, आणि वहीत अर्थ झाले नऊ.

"एका शब्दाचा शब्दकोश!" तुमचे आजोबा म्हणाले. "छापायला कधी देतेस? तोवर साधा वरणभात मिळेल का?"

रविवारी मुलगा दारात. मागे आई, हातात भरलेली वाटी.

"आंटी, प्लीज, एक बार खाली कटोरी भेज दो! माँ सुबह से किचन छोड़ती ही नहीं."

"रिकामं भांडं? आमच्यात नाही चालत."

"हमारे में भी नहीं चलता!"

आम्ही हसत सुटलो. काही न कळता सर्वांत जास्त ती हसली. मग मी नियम मोडून त्या शब्दाचा अर्थ विचारला. मायलेकांचा बराच वाद झाला. शेवटी तो डोकं खाजवत म्हणाला, "पता नहीं आंटी. कटोरी देते हैं, तब बोलते हैं."

संध्याकाळी त्याने आईचं तिकीट रद्द केलं.

ती अजून वरच राहते. रोज साडेचारला खाली येते आणि भरपूर बोलते. मी मराठीत उत्तरं देते. तिच्या भाषेतला एकही शब्द मला खात्रीने येत नाही.