काळ्या अंगरख्यातला प्रियकर

सत्तरच्या दशकात मी पेणच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. त्या वर्षी स्नेहसंमेलनात आमच्या इंग्रजीच्या सरांनी प्रदर्शन मांडलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या चित्रकारांनी काव्यांतल्या नायक-नायिकांची चित्रं काढली होती, त्यांच्या मोठ्या रंगीत छापील प्रती. प्रत्येक चित्रापाशी एकानं उभं राहून माहिती सांगायची. माझ्या वाट्याला निरोपाचं चित्र आलं. हिरव्या झग्यातली नायिका, लढाईला निघालेला तिचा प्रियकर आणि दोघांच्या मधे जमिनीवर पडलेलं लिलीचं पांढरं फूल. मी सगळं इंग्रजीत घोकून ठेवलं होतं.

सकाळीच गडबहून आई आली, शेजारच्या दोन काकूंना घेऊन. भातशेतीतून वेळ काढून आलेल्या तिघीही कॉलेजात पहिल्यांदाच पाऊल टाकत होत्या. आई थेट माझ्या चित्रासमोर येऊन उभी राहिली.

"ही हिरवं नेसलीय. लगीन ठरलंय काय गो तिचं?"

घोकलेलं इंग्रजी तिथंच राहिलं. मी आमच्या बोलीत सुरू झाले. "नाय ठरलं अजून. हिरवं म्हंजे नवी पालवी. प्रेम आत्ताच फुटलंय. पन झग्याची खालची कड बघ, तिथं नक्षीतली पानं पिवळी पडल्यात."

"आन ह्ये पांढरं फूल? विधवा होनार काय ती?" एका काकूनं विचारलं.

"नाय गो काकी. त्यांच्याकडं नवरी पांढरं घालते. पांढरं म्हंजे निर्मळ मन."

दोघी काकू तोंडाला पदर लावून हसल्या. आई मात्र हसली नाही.

"मंग मानूस गेल्यावर काय घालतात?"

"काळं."

आई पुढे सरकली. प्रियकराच्या अंगरख्यावर तिनं बोट ठेवलं. "ह्यानं काळं घातलंय. ह्यो परत यायचा नाय."

काव्यात तो परत येतच नाही. तेच मी सगळ्यात शेवटी सांगणार होते आणि आई माझ्याआधी तिथं पोचली होती.

सर मागे उभे राहून ऐकत होते. "प्रमुख पाहुण्यांनाही असंच मराठीत सांग," ते म्हणाले.

"पण सर, इंग्रजी..."

"ते परीक्षेत लिही."

पाहुणे आले तेव्हा मी मराठीत बोलले. अंगरख्यापाशी आल्यावर म्हणाले, "हे माझ्या आईनं ओळखलं." पाहुण्यांनी वळून तिला नमस्कार केला. आई पदर सावरून ताठ उभी राहिली.

पुढे मी रोह्याच्या शाळेत कितीतरी वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या दिवसाइतकी छाती पुन्हा क्वचितच फुगली.

त्या दिवशी आईबरोबर गडबला परतताना वडखळला एसटीत एक बाई चढली, आईशेजारी बसली. आईनं तिला सगळं चित्र रंगांसकट ऐकवलं.

"मंग त्या पोरीचं काय झालं?" बाईनं विचारलं.

आईनं मला कोपरानं ढोसलं. "सांग गो, तू शिकलीस ना."

पुढच्या बाकावरच्या माना वळल्या. मी सांगायला लागले.