पिवळी बर्फवाघीण

जुनियाटा नदीच्या खोऱ्यात एमिल व्हास्को दातांच्या कवळ्या करायचा. कुणाच्या तोंडात काय बसतं आणि काय टोचतं, यातच त्याचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्याच चिमट्यांनी आणि कानशींनी तो मालगाडीच्या वाघिणींचे, म्हणजे डब्यांचे, लाकडी नमुने करू लागला, तळहातावर मावतील एवढे. मनाने रचलेली वाघीण मात्र त्याला चालत नसे. खरी वाघीण कुठे बांधली, काय वाहायची, रंग कधी बदलला आणि शेवटी मोडीत कुठे गेली, हे कळल्याशिवाय तो लाकडाला हात लावत नसे.

"माझ्या माहेरची माणसं तुला धड ओळखता येत नाहीत," त्याची बायको डोलोरेस म्हणे, "आणि या डबड्यांच्या सात पिढ्या तोंडपाठ!"

चर्चच्या तळघरात या हौशी लोकांचा क्लब भरे. तिथला हार्लन डब्स पूर्वी रेल्वेत ब्रेकमन होता. त्याने एकदा बातमी आणली. "एमिल, नदीपलीकडे हॉस्टेटरबाईंच्या शेतावर जुनी बर्फवाघीण पडलीय. चाकं गेलीत, बाकी अख्खी आहे. कोंबड्या राहतात तिच्यात."

आगगाडीने मांस आणि फळं गार ठेवून न्यायची, ती ही लाकडी वाघीण. तिच्या दोन्ही टोकांना भिंतीआड अरुंद कोठी असे आणि छताला झाकण. झाकण उघडून वरून बर्फाच्या लाद्या टाकायच्या. मंदीच्या काळात फुकट फिरणारे बेकार लोक अशा रिकाम्या कोठ्यांत उतरून झोपत. वारा लागत नसे, पोलिसांना पत्ता लागत नसे. फक्त झाकण पडलं, तर ते आतून उघडत नसे.

एमिल मोजमापं घ्यायला गेला. हॉस्टेटरबाई विधवा, एकट्याच राहणाऱ्या. त्यांनी कॉफी दिली आणि म्हणाल्या, "मी शाळेत होते तेव्हा वडिलांनी ही मोडीतून घेतली. भर हिवाळ्यात, दोन ट्रॅक्टर लावून बर्फावरून ओढत आणली."

उतरत्या उन्हाची तिरीप वाघिणीवर आली आणि पिवळ्या रंगाखालून एका लोणीवालीचं चित्र दिसू लागलं. वाघिणींवर जाहिराती रंगवायला बंदी आली तेव्हा त्या चित्रावर रंग फासला होता. चेहरा अर्धा पुसला होता, हसू मात्र पुरतं शाबूत.

"या टोकाला खुराडी का नाहीत?" एमिलने विचारलं.

"कोंबड्या बसतच नाहीत तिकडे. कुत्रापण जायचा नाही. वडील म्हणायचे, त्या भिंतीत थंडी राहिलीय." एमिल छताकडे बघतोय असं पाहून त्या म्हणाल्या, "वर चढू नका हं! फळ्या कुजल्यात. पडलेल्या म्हाताऱ्यांना उचलायला माझ्याकडे कुणी नाही."

त्यामुळे त्या टोकाचं झाकण त्याने पाहिलंच नाही. दुसऱ्या टोकाचं आतून दिसलं होतं; हेही तसंच असणार, असं धरून तो हिवाळाभर काम करत राहिला.

एका सकाळी डोलोरेसने भिंगातून ते इवलंसं झाकण पाहिलं. "आतल्या बाजूला हे काय कोरलंयस?"

"काहीच नाही कोरलं."

पण तिथे ओरखडे होते. एका कडेपासून मध्यापर्यंत, एकावर एक, आणि कोपऱ्यात लाकूड खरवडून खड्डा पडलेला. एमिलने ते फेकून नवं झाकण केलं. थोड्या दिवसांनी त्याच्याही आत तेच ओरखडे उमटले, तोच कोपरा खरवडलेला. त्याची बारीक कानस त्या खाचांत नेमकी बसत होती. ज्या हातांवर जन्मभर पोट भरलं, त्याच हातांची त्याला धास्ती वाटू लागली.

"काल दुपारी मी पाहत होते तुला," डोलोरेस शेवटी म्हणाली. "तू खिडकीबाहेर बघत बसला होतास आणि हात आपला चालूच."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारली ना. तू ओ दिलीस. म्हणालास, 'वर कोण आहे?'"

बर्फ वितळताच एमिल हार्लनला घेऊन शेतावर गेला. स्वच्छ ऊन होतं. हॉस्टेटरबाईंनी शिडी धरली. दोघे कडेकडेने वर सरकले. त्या टोकाच्या झाकणाची कडी बाहेरून पडून गंजली होती. हार्लनने पहार घालून ती तोडली आणि झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला ओरखडे होते, एका कडेपासून मध्यापर्यंत. कोपऱ्यात खड्डा. हार्लनने टोपी काढली. एमिलने कोठीत डोकावून पाहिलं. खाली, गुडघे छातीशी घेऊन, कुणीतरी बसलेलं होतं. हाडांवर कोटाच्या चिंध्या होत्या.

शेरीफची माणसं आली आणि सगळं घेऊन गेली. तो कोण, कुठला, शेवटपर्यंत कळलं नाही. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात हॉस्टेटरबाईंनी विचारलं, "आम्ही ओढून आणली, तेव्हा तो जिवंत असेल का हो?"

"नाही," एमिल म्हणाला. "आधीच गेला असणार." त्याला काही माहीत नव्हतं.

"ट्रॅक्टरच्या मागे आम्ही पोरं मोठमोठ्याने गात होतो," बाई म्हणाल्या. "त्याने काही म्हटलं असतं, तरी ऐकू आलं नसतं."

चौकशी संपल्यावर त्यांनी त्याला आपल्या घरच्या माणसांशेजारी पुरलं. दगडावर नाव कुठलं घालणार? 'आमच्याकडे राहिलेला परका', एवढंच कोरून घेतलं.

एमिलची वाघीण पुरी झाली, पण झाकणं त्याने लावली नाहीत. त्याने ती हॉस्टेटरबाईंना देऊन टाकली. पुढे तो बरीच वर्षं जगला, वाघिणीही करत राहिला. कोळशाच्या उघड्या, लाकडं वाहायच्या सपाट, खडी टाकायच्या. क्लबात हार्लन चिडवायचा, "अरे, छप्पर करायला विसरलास की काय?"

"असू दे उघडं," एमिल म्हणायचा आणि मान खाली घालून कानस चालवायचा.