इंदूबाईंची हाजरी

इंदूबाईंची टोळी एकवीस बायकांची. निंदण असो, सोयाबीनची सोंगणी असो की कापसाची वेचणी, मोहदरीत कुणाला बायका हव्या असल्या की तो इंदूबाईंच्या ओट्यावर येऊन बसतो. आधी पावसापाण्याचं बोलतो, मग हळूच विचारतो, "उद्या किती जणी येतीन?" इंदूबाई लगेच आकडा सांगत नाहीत. पदराच्या गाठीतून फोन काढतात आणि म्हणतात, "थांब, इचारून सांगतो."

त्यांना वाचता येतं ते फक्त स्वतःचं नाव आणि एसटीची पाटी. टोळीतल्या निम्म्या बायकांना तेवढंही येत नाही. उमरखेडच्या बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेल्या इमरानने त्यावर उपाय काढला होता. "मावशी, हरेक बाईला एक चित्र देऊन टाका. ग्रुपवर चित्र आलं म्हणजे बाई आली." तेव्हापासून रोज संध्याकाळी इंदूबाईंचा आवाज ग्रुपवर जातो, "उद्या विंचवाच्या वावरात निंदण, सात वाजता पारावर," आणि एकेक चित्र उगवू लागतं. जमिलाची मिरची, साधनाचं वांगं, सुखीबाईंचा पोपट. इंदूबाईंचा स्वतःचा निळा बदाम सगळ्यांत आधी. याला त्या हाजरी म्हणतात.

वावरांची नावंही या बायकांचीच. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, मालकाचं नाव असतं. बायका ते वापरत नाहीत. जिथे विंचू चावला ते विंचवाचं वावर. जिथे वजनकाट्यावरून दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या, ते भांडणाचं. पैनगंगा फुगली की गावचा नाला उलटा वाहू लागतो आणि ही सगळी वावरं पाण्याखाली जातात, एवढं मात्र सातबाऱ्याला आणि बायकांना सारखंच माहीत आहे.

त्या जुलैत तसंच झालं. सकाळी आठला नाल्याचं पाणी खालच्या आळीत शिरलं. नऊपर्यंत रस्ता दोन्ही बाजूंनी तुटला. उमरखेडात इमरान आणि त्याचे मित्र ग्रुप करून बसले होते: कोणत्या गावात कोण अडकलंय ते फोनवर विचारायचं, यादी करायची आणि तहसीलच्या लोकांना कळवायची. बचाव पथकाची बोट एकच होती आणि गावं सात. इमरानने इंदूबाईंना फोन लावला.

"मावशी, तुमच्या टोळीची हाजरी घ्या ना. एकवीस बायका म्हणजे एकवीस घरं, बाकीच्या घरांची खबर आली आहे. पटकन समजते मले."

इंदूबाईंनी ग्रुपवर आवाज टाकला, "ज्या ज्या घरचे सारे बरे हाय, त्यायनं चित्र लावा." चित्रं आली. काही लगेच, काही थांबून. खालच्या आळीतल्या तिघींनी चित्राऐवजी रडका आवाज पाठवला. बोट आली आणि त्यांच्या घरच्या अकरा जणांना शाळेत सोडून गेली. मग त्या तिघींचीही चित्रं आली. इंदूबाईंनी बोटावर मोजलं, एकवीस. "मोहदरी सारी बरी हाय," त्यांनी इमरानला कळवलं. यादीत मोहदरीपुढे हिरवी खूण पडली आणि बोट पुढच्या गावाकडे वळली.

इंदूबाईंनी चहा ठेवला. त्यांचे यजमान भीमराज दारात पाण्याकडे बघत बसले होते. टोळीची मस्करी केल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही.

"मले बी घे तुह्या टोळीत. मी बी चित्र लावीन. गाढवाचं."

"गाढवाले कायले बदनाम करता?"

"तसं नाई. पण रोज तं पारावर डोके मोजते तू. म्हणते, चित्र कामावर येत नाई, बाई येते. मंग आज डोके कोणं मोजले?"

इंदूबाई हसल्या नाहीत. त्यांनी गॅस बंद केला.

चित्र कुणीही लावू शकतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बाईचे हात कणकेत असले की घरातली पोर लावते, सून लावते. म्हणून तर त्या पारावर मोजतात. त्यांनी पुन्हा फोन तोंडाशी धरला. "चित्र नको. हरेकीनं सोताच्या तोंडानं बोला. मी आयकतो."

मग आवाज येऊ लागले. कुणाच्या मागे पत्र्यावरचा पाऊस, कुणाच्या मागे लेकराचं रडणं. "मी हाय वो बाई." "हाय, पण चूल वली झाली." जमिला म्हणाली, "जिंदा हूं, और क्या बोलू?" इंदूबाई प्रत्येक आवाज संपेपर्यंत ऐकत होत्या आणि एकेक बोट मिटत होत्या. वीस झाले. सुखीबाई बोलल्या नाहीत.

त्यांनी फोन लावला. उचलला तो सून पायलने. चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन ती बंजारा तांड्यावरून इथे आली होती; सासूला ती तिथल्या बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणायची.

"सासूले दे."

"मावशी, याडी... याडी झोपली हाय."

"पुरात झोपली? उठव."

पलीकडून हुंदका आला. मग सगळं एकदमच बाहेर पडलं. शेळी काल वावरात व्याली होती. पावसामुळे पिल्लू आणता आलं नाही, म्हणून सुखीबाई पहाटे ते आणायला गेल्या. फोन घरीच. रोज संध्याकाळी पोपट पायलच लावायची. हाजरीचा आवाज आला तसा तिने सवयीने लावला. आत्ता येईल, असं वाटलं. पाणी आणखी चढलं तेव्हा तिने पोपट काढून टाकायचं मनात आणलं, पण लावलेली हाजरी परत घेतली तर सारं गाव खोटारडी म्हणेल, या भीतीने बोट पुढे गेलं नाही.

"कोणत्या वावरात गेली?"

"नाल्याच्या पलीकडं म्हणे. मले नावं नाई माहीत वो."

नाल्यापलीकडे चाळीस वावरं आहेत. इंदूबाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. त्यांना तेवढा वेळच नव्हता. ग्रुपवर विचारलं, सुखीबाईले कोणं पाह्यलं? जमिलाचा आवाज लगेच आला, "सहा बजे पाणी भरायला निघालती मी. भांडणाच्या वावराकडं जात होती ती, डोक्यावर पोतं घेऊन."

आता इमरानला सांगायचं होतं. पाऊण तासापूर्वी "सारी बरी" म्हणून सांगितलेलं गाव बरं नव्हतं, आणि ज्या बोटीची बाकीची गावं वाट पाहत होती ती एका बाईसाठी मागे फिरवायची होती. इंदूबाईंनी शब्द शोधले नाहीत.

"इमरान, मी चुकलो. एक बाई वावरात हाय. बोट वापस पाठव."

"मावशी, पक्की खबर आहे?"

"मघा पक्की नव्हती. आता हाय."

त्याने वाद घातला नाही. बोट वाटेतल्या टेकडीपाशी थांबलेली होती. बोटीवरच्या प्रफुल्लला त्याने त्याच फोनवर जोडलं. प्रफुल्ल म्हणाला, लोकेशन पाठवा. इमरान घाईने म्हणाला, "नको, नको. मावशी घरी आहेत. त्यांनी लोकेशन टाकलं तर बोट सरळ त्यांच्या चुलीजवळ येईल. मावशी, तुम्ही बोलूनच सांगा."

प्रफुल्लच्या फोनमधल्या नकाशावर तिथे नुसता हिरवा डाग होता. बाहेर नुसतं पाणी. इंदूबाईंनी डोळे मिटले.

"पाण्याच्या वर काय काय दिसते तुले?"

"बिजलीचा मोठा मनोरा. दोन झाडं."

"मोहाचे हाय ते. दुसऱ्या मोहापाशी ये. तिथून डाव्या हाताले पाह्य."

"पावसात पुढचं काहीच दिसत नाही, मावशी. पाणीच. सरळ घेतो."

"सरळ नको!" घरात भीमराज दचकले. "रानडुकरासाठी काट्याची तार हाय साऱ्या वावराले. पाण्याखाली हाय ती. रबराची बोट फाटीन तुही. फाटकातून घे."

"फाटक कुठे?"

"सागाचे दोन खांब. एक उंच, एक मोडका. मोडका दिसणार नाई. उंचाच्या उजव्या हाताले चार पावलं, तेवढीच जागा. रोज सकाळी आमी तिथूनच आत जातो."

फोनमध्ये इंजिनचा आवाज बारीक झाला. वल्ह्याने पाणी चाचपल्याचा आवाज आला. काहीतरी खरवडलं आणि सुटलं. भीमराजांनी विचारायला तोंड उघडलं; इंदूबाईंनी हात वर केला.

"आत आलो," प्रफुल्ल म्हणाला. "तार बाजूला लागली. मावशी, तुमचं बरोबर होतं."

"आता सरळ. आंब्यापाशी रातच्या जागलीचा मचाण हाय, चार बल्ल्यायचा. हाय का उभा?"

"वाकलाय." मग त्याचा आवाज चढला. "वर कुणीतरी आहे. हात हलवतायत."

इंदूबाई भिंतीला टेकल्या. फोन कानावर तसाच होता. पलीकडून आधी शेळीचं ओरडणं आलं, मग एक बसलेला, चिडलेला आवाज.

"मले नको धरू, पोरा. पयले पिल्लू घे. थे थंडीनं मरून राह्यलं."

भीमराज म्हणाले, "हे तं सुखीबाईच होय." आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले.

बोट शाळेपाशी लागली तेव्हा पाऊस थांबला होता. पायल गुडघाभर पाण्यात उभी होती. सुखीबाईंच्या ओटीत पिल्लू होतं, मागे दोरीने ओढलेली शेळी. लुगडं चिखलाने भरलं होतं, तोंड मात्र जागेवर होतं.

"काहून गं, मी मचाणावर आन् तू मले घरी दाखवून मोकळी?"

पायल त्यांच्या गळ्यात पडली. सुखीबाईंनी तिला दोन क्षण पडू दिलं, मग पिल्लू तिच्या हातात दिलं. "रडू नको. हे पुस पयले."

प्रफुल्लला चहा घ्यायला कुणी थांबवू शकलं नाही. पुढचं गाव वाट पाहत होतं. जाताना त्याने नुसतं विचारलं, "फाटक सांगणाऱ्या मावशी कोणत्या?"

बायकांनी शाळेच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं. इंदूबाई खालच्या ओल्या पायरीवर बसल्या होत्या आणि इमरानशी बोलत होत्या. "हो, एकवीस. डोके मोजले मी. लाव आता तुही हिरवी खूण." फोन ठेवून त्या उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या.

"मले उठवा वो कोणी," त्या म्हणाल्या. "पायात जीवच नाई राह्यला."

सुखीबाईंनीच हात पुढे केला.