कोपऱ्यातलं नाव

भाऊ गेल्याची बातमी मला कुणाच्या फोनवरून नाही, स्टेटसवरून कळली. लातूरला मी शिकवते त्या शाळेची मधली सुट्टी होती. डबा उघडून मी दुसऱ्या हाताने मोबाइल चाळत होते आणि भावाचा मित्र बाळू, त्याच्या स्टेटसला भावाचा, गजूचा फोटो दिसला. फोटोभोवती वर्तुळ नाचत होतं, गाणं चालू होतं, कडेने ठिणग्या उडत होत्या. मला वाटलं, वाढदिवस! मग आठवलं, याचा वाढदिवस तर दिवाळीत असतो, हा बाळू पण ना... आणि मी हसलेसुद्धा. शेजारच्या मॅडमना म्हटलं, "बघा, आमच्या भावाला कसं सजवलंय." त्यांनी खालची ओळ माझ्याआधी वाचली आणि माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं लिहिलेलं होतं. सकाळी मुदखेडहून नांदेडला कामावर निघालेल्या गजूला रस्त्यात टिप्परने उडवलं होतं. मुदखेडला आमच्या शेजारी राहणारे मामा माझा नंबर शोधत होते, त्यांना तो दुपारी सापडला. तोपर्यंत व्हिडिओ तयार होऊन गावोगाव फिरला होता. त्यातलं ते नाचणारं वर्तुळ गजूने स्वतः केलेलं होतं. कोपऱ्यात मात्र सोनेरी अक्षरांत नाव होतं बाळूचं.

ज्यांनी हे प्रकरण जवळून पाहिलेलं नाही त्यांना सांगते. गाणं वाजतं तसं पडद्यावर काहीतरी हलतं, वर्तुळ फुगतं, रेघा उसळतात. हे करणारी सॉफ्टवेअरं असतात आणि त्यांच्यात बसून नवेनवे नमुने तयार करणारी पोरं असतात. नमुन्याला ती टेम्प्लेट म्हणतात. एकाने केलेलं टेम्प्लेट ग्रुपवर टाकायचं, दुसऱ्याने त्यात आपला फोटो, आपलं गाणं घालायचं. नांदेड, उमरी, किनवट, लातूर, सगळीकडची पोरं अशा एका ग्रुपवर होती. कुणी मोबाइल दुरुस्त करतो, कुणी मंडप घालतो, आणि रात्री-दिवसा वेळ मिळेल तसा हा नाद. त्यांचा एक रिवाज होता. ज्याने शेवटचा हात फिरवला त्याने कोपऱ्यात आपलं नाव घालायचं. आधी ज्याचं नाव असेल ते मग पुसलं जायचं. याला कुणी चोरी म्हणत नसे. उलट, नाव न घालणारा खुळा समजला जायचा.

गजू दिवसा नांदेडला फ्लेक्सच्या दुकानात कामाला होता. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची नावं हातभर अक्षरांत छापायची आणि घरी येऊन आपलं नाव नखाएवढं कोपऱ्यात लिहायचं. तेवढ्यावर तो खूश असायचा. मी मुदखेडला गेले की त्याच्या खोलीत मला बसवून दाखवायचा. "अक्का, समद्याचं वर्तुळ ढोलावर उड्या मारतंय. माझं गळ्यावर हललं पाहिजे." म्हणजे काय, ते मला त्याने आईच्या गाण्यावरून समजावलं. आईला दमा. ओवी म्हणता म्हणता ती मध्येच थांबते, दम घेते, मग पुढचा शब्द उचलते. गजूने कॉम्प्युटरला माइक लावला आणि आईला पाटावर बसवलं. ती गायली की वर्तुळ उमलायचं. ती थांबली की इतरांच्या टेम्प्लेटमध्ये ते फटकन खाली पडायचं, ते त्याला सोसेना. आठवडेच्या आठवडे तो तेवढंच जुळवत बसला. शेवटी असं जमलं की आई थांबली की वर्तुळही जिथल्या तिथे थांबायचं, तिचा दम पुरा होईपर्यंत. आई वैतागून म्हणाली, "माझ्या आवाजावर काय पोरं नाचणार हायत का रं?" तो म्हणाला, "नाचू दे की. तू दम घेशील तवा ते बी दम घेतील."

आणि खरंच, पोरं नाचली. ते टेम्प्लेट त्याने ग्रुपवर टाकलं आणि ते वाऱ्यासारखं पसरलं. लग्नं, बारशी, नेत्यांचे वाढदिवस, सगळीकडे तेच. गाणाऱ्याने श्वास घेतला की क्षणभर थांबणारं वर्तुळ. मी लातूरच्या बाजारात चालता चालता दुकानातल्या पडद्यावर ते ओळखायची. कोपऱ्यात प्रत्येक वेळी नवं नाव. गजूचं एकदाही नाही.

एका गणपतीत नांदेडच्या मिरवणुकीत ट्रकवर मोठा पडदा होता आणि त्यावर हेच वर्तुळ, दोन माणसं उंच. गजू गर्दीत उभा होता. त्याला राहवलं नाही. शेजारच्या अनोळखी माणसाला तो म्हणाला, "हे म्या केलंय." तो माणूस हसला. "हाव का? मंग त्या कोपऱ्यात कोणाचं नाव हाय?" हे सगळं गजूने मला हसत हसत सांगितलं, आणि पुढ्यातलं ताट तसंच ठेवून उठला. मी बाळूला फोन लावला होता. तो म्हणाला, "अक्का, लोक वापरून राहिलेत, हे काय कमी हाय? पद्धतच हाय ती." पद्धत! या एका शब्दाचा मला तेव्हापासून तिटकारा आहे. ज्याला लाज वाटायला हवी तो पद्धतीच्या मागे जाऊन उभा राहतो आणि पुन्हा आपल्यालाच अडाणी ठरवतो.

दहाव्याला ग्रुपची पोरं आली. बरोबर फ्लेक्स आणला होता, गजूच्याच दुकानात छापलेला. वर गजूचा फोटो, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून या सगळ्यांची नावं, फोटोंसकट. गजूच्या नावापेक्षा बाळूचं नाव ठळक होतं. रडली ती पोरं, खोटं कशाला बोलू. बाळू तर आईच्या पायाशी बसून रडला. मग चहा झाला, आणि तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, त्याच्या कॉम्प्युटरमंदी मूळ फायली असतील. आम्हाला द्या. आम्ही त्याचं नाव पुढं चालवतो."

"कुठल्या कोपऱ्यात?" मी विचारलं.

मी त्याला काही दिलं नाही. देणारही नाही. लोक म्हणतात, मेल्यामागे कशाला कडवटपणा. पण गोड कुठून आणू? माझ्या भावाने जन्मात एकच गोष्ट मागितली होती, नखाएवढी, आणि ती द्यायला कुणाचं काहीही जात नव्हतं. मरणाच्या दिवशी तरी, त्याच्याच वर्तुळात त्याला बसवताना तरी, ते कोपऱ्यात त्याला ठेवू शकले असते.

आता मी शाळेला रजा टाकून आईजवळ राहते आहे. गजूची खोली रुळांच्या बाजूला. त्याचा कॉम्प्युटर सुरू केला की तेच टेम्प्लेट उघडतं, माइक अजून लावलेलाच आहे. गाडी गेली की वर्तुळ थरथरतं. परवा मी बंद करायला गेले तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ते वळखतंय मला." ती रोज तिथे पाटावर बसते. ओवी म्हणत नाही, नुसतं बोलते, काय शिजवलं, कोण आलं होतं. मधेच "गजू" म्हणते. वर्तुळ उमलतं.

या मूळ टेम्प्लेटला कुणाचा हात लागलेला नाही, म्हणून त्याच्या कोपऱ्यात अजून 'गजू मुदखेडकर' आहे. माझ्या माहितीत तेवढ्याच एका पडद्यावर. आईला वाचता येत नाही. काल तिने बोट दाखवून विचारलं, "तितं काय लिव्हलंय गं?"

"गजूचं नाव आहे, आई."

ती पडद्याजवळ सरकली, डोळे बारीक करून बघत राहिली. "लई बारीक हाय का?"

"हो, बारीकच आहे."

"मंग कुणाला दिसलं नसंल," आई म्हणाली आणि दम घ्यायला थांबली. वर्तुळ तिच्यासाठी थांबून राहिलं.