बारा गुलाब आणि मामांचा साबण

वडिलांची बदली नाशिकहून औरंगाबादला झाली, तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये गुलाबाची बारा कलमं होती. मांडीवर काचेची बरणी धरावी तशी ती जपून आणली.

नव्या घरामागच्या अंगणात वडिलांनी पहिली कुदळ मारली आणि ठिणगी उडाली. वीतभर मातीखाली मुरूम, मुरुमाखाली काळा खडक. शेजारचे काका जवळच्याच करमाड गावचे, शेती सांभाळून शहरात नोकरी करणारे. ते कुंपणावरून म्हणाले, "साहेब, गुलाबाला इथं लई पानी लागंल. सीताफळ लावा. पानी घालायचं इसरलं तरी ते रुसत नाय."

वडिलांना हा नाशिकचा अपमान वाटला. चार रविवार पहार चालवून त्यांनी खड्डे केले आणि काकांच्याच शेतातली काळी माती आणून भरली.

एप्रिल लागला. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. वडिलांनी न्हाणीघराचं सांडपाणी गुलाबांकडे वळवलं आणि घरात साबण बंद केला. आम्ही सगळे डाळीचं पीठ लावून अंघोळ करायचो. शाळेत माझ्या शेजारची मुलगी विचारायची, "तुमच्याकडं रोज भजी असतात का गं?"

अशात पुण्याचे मामा कामासाठी आले. सकाळी न्हाणीघरातून गाणं ऐकू आलं, पाठोपाठ सुगंध आणि मग पाटातून पांढराशुभ्र फेस. मामांनी स्वतःचा साबण आणला होता!

वडील बनियनवर धावले. हाताला लागलेलं गोणपाट त्यांनी मोरीच्या तोंडात कोंबलं.

"भाऊजी, पाणी वर चढतंय!" आतून मामा ओरडले. "डोळ्यांत साबण आहे माझ्या!"

"चढू द्या! तुम्ही काही सुकणार नाही!"

आई ओट्याला धरून हसत होती. मामा घोटाभर पाण्यातून बाहेर आले आणि काम झालं असं सांगून दुपारच्या गाडीनं निघून गेले. काम दुसऱ्या दिवशी होतं.

मे महिन्याच्या झळांनी दहा कलमं गेली. दोन तेवढी आईच्या जुन्या लुगड्याच्या सावलीत तगली. डिसेंबरच्या थंडीत मात्र एकावर ताटलीएवढं फूल आलं. वडिलांनी काकांना बोलावून आणलं. काका पुष्कळ वेळ बघत राहिले.

"फूल झ्याक हाय," ते म्हणाले. "पन साहेब, एवढ्या मेहनतीत माझा एकरभर कापूस झाला असता."

त्या दिवशी वडील काकांवर रुसले आणि तिन्हीसांजेपर्यंत त्या दोन कलमांना पाणी घालत बसले.