टेलरबाईंची दुसरी खेप

टेलरबाईंना माणसांचे कान दिसत, तोंडं दिसत नसत. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धुराचा एकेक गोळा येऊन बसला होता आणि तो काही केल्या हलत नव्हता. कडेकडेचं तेवढं दिसे. कुणाचं तोंड बघायचंच झालं तर नजर त्याच्या खांद्यापलीकडे लावावी लागे. नवख्याला वाटे, बाई रुसल्यात.

नवरा तरणाताठा गेला तेव्हा लेक रांगत होती. बाईंनी मशीनवर पाय ठेवला तो उभ्या आयुष्यात खाली घेतला नाही. गल्लीतल्या तीन पिढ्यांची अंगं त्यांच्या टेपला ठाऊक. मोडेन पण वाकणार नाही, असा स्वभाव. नजर गेली तरी शेजारणीला 'जरा दोरा ओवून दे गं' म्हणाल्या नाहीत. चाचपडत शिवत राहिल्या आणि एक दिवस सुई बोटातून आरपार गेली. फडकं गुंडाळून गप्प बसल्या. लेकीला कळलं ते बोट सुजून लिंबाएवढं झाल्यावर.

लेक औषधांच्या दुकानात कामाला. तिने तिथल्या तिथे सांगितलं, "आता पुरे. घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे येऊन काय करू? सोफ्यावर उशीसारखी बसू?"

भांडण महिनाभर चाललं. मधेच लेकीने सुट्टी काढली आणि जहाजाच्या सहलीची टूम काढली. सहल आठवड्याची, पण तिने त्याच जहाजावरच्या लागोपाठ दोन सहली घेतल्या. दुकानातल्या मैत्रिणीचा सल्ला होता: पहिली खेप वाटा शोधण्यातच जाते, सुख लागतं ते दुसऱ्या खेपेला.

"म्हणजे आधी कच्ची शिलाई, मग पक्की," बाई म्हणाल्या. "मग ऐक. पहिल्या आठवड्यात तू माझ्याबरोबर फीर. दुसऱ्यात मी एकटी. खोलीतून जेवायला, जेवून गच्चीवर, गच्चीवरून परत खोलीत. जमलं तर माझं घर मोडायचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर ने तुझ्या सोफ्यावर."

पहिल्या आठवड्यात बाईंनी जहाज अंगावरच्या कपड्यासारखं चाचपून घेतलं. बोळातला गालिचा कुठे जाड, कुठे पातळ. कठडा कुठे गार लागतो. पावाचा वास कुठल्या वळणावर येतो. पाठ केलं ते सगळं हाताला नि पायाला केलं. जेवायच्या टेबलावर एक नळदुरुस्तीवाला आणि त्याची बायको असत. नळवाला बोलका. प्रत्येक बंदरात उतरून तो आधी तिथले नळ बघून येई. बायको म्हणे, "ह्यांना स्वर्गात नेलं तरी आधी गळती शोधतील." बाईंना तो संसार आवडला.

मग बदलीचा दिवस आला. सकाळपासून कर्ण्यावरून हाका. नळवाल्याने बाईंचे दोन्ही हात हातात घेतले, पत्ता दिला, घेतला आणि गेला. पुढची सहल करणारे मोजके होते. त्यांना एका दालनात बसवलं आणि मग तेही खाली उतरवले. जहाजावर एकसुद्धा प्रवासी उरला नाही अशी खात्री झाल्यावाचून नवं कुणाला चढू देत नाहीत, आणि राहणाराही त्या दिवशी नवाच.

"अगं, आपण आठवडाभर इथेच आहोत की!" बाई धक्क्यावर उभ्या राहून म्हणाल्या.

"आई, नियम आहे."

"पाहुण्याला दाराबाहेर काढायचं आणि परत 'या, या' म्हणायचं. चांगला आहे नियम."

परत वर चढल्या तेव्हा जहाज रिकामं होतं. असं रिकामेपण बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. बोळातून चादरींचे ढीग चालले होते, कुठेतरी गालिचा झाडायचं यंत्र घोंघावत होतं आणि जेवणाच्या दालनात नळवाल्याची खुर्ची टेबलाखाली सरकवून ठेवली होती. संध्याकाळी तिथे दुसरं कुणीतरी बसणार. बाईंना आपली गल्ली आठवली. ती अशीच कितीदा रिकामी झाली आणि भरली. आपण मात्र मशीनवरून मान वर केली नाही.

आणि मग घोटाळा उघडकीला आला. लेकीने दोन्ही सहली वेगवेगळ्या घेतल्या होत्या. खोलीचं दार उघडायचं जुनं कार्ड चालेना. नवं मिळालं, त्याबरोबर खोलीही नवी. मजला तोच, पण जहाजाच्या दुसऱ्या अंगाला.

लेकीचं तोंड उतरलं. "आई, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुझी अट आपण सोडून देऊ."

"का म्हणून? उजव्या बाहीचा कागद उलटा ठेवला की डावी बाही निघते. तिकडे जे उजवीकडे, ते इकडे डावीकडे. झालं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्या जेवायला गेल्या. पोचल्यासुद्धा. टेबलावर नवी माणसं होती. वाढपी मागच्या आठवड्यातलीच थट्टा करत होता. बाई त्याच्याआधीच हसल्या, तसा तो बिचारा गोंधळला. जेवून, गच्चीवर वारा खाऊन, ताठ मानेने त्या परत निघाल्या.

पण लिफ्ट समोरासमोर दोन रांगांत होत्या. पहिल्या आठवड्यात कुठल्या लिफ्टमध्ये शिरायचं ते लेकीच्या हाताने ठरे. आज समोरच्या रांगेतली आली, म्हणजे बाहेर पडताना तोंड उलट्या बाजूला. बाईंनी बाही उलटली खरी, पण इथे कापडच उलटं पडलेलं. वळण घेतलं, बोळ लागला, दार लागलं. कार्ड चालेना. पुन्हा लावलं, पुसून लावलं. मग दारावर थाप मारली.

दार उघडलं. "कोण रे तू? माझ्या खोलीत काय करतोस?" बाई कडाडल्या.

"दाढी," आतला माणूस म्हणाला. त्याच्या कानाखाली पांढरा फेस होता, तेवढा बाईंना दिसला. "बाई, खोली माझीच आहे. मी बेकरीवाला, कालच चढलो. तुमची कितवी?"

लेकीने आकडा सांगितला होता, पण तो ऐकायची बाईंना गरजच वाटली नव्हती. कार्डावर लिहिलेला असेल तर तो वाचायचा कुणी?

बोळाच्या भिंतीला हात लावून त्या उभ्या राहिल्या. 'चुकलं' म्हणून पुढे चालू लागावं, असं एकदा मनात आलं. जन्मभर तेच केलं होतं. पण पुढे म्हणजे कुठे? ओळखीच्या माणसापुढे जीभ आजवर कधी वळली नव्हती. हा तर वाटेवरचा. ह्याच्यापुढे आब राखून करायचं काय?

"मला दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"मग धरा की हात," बेकरीवाला म्हणाला, जसा काही बाईंनी पाव मागितला होता. "कार्ड दाखवा. पण मीही नवाच, दोघं मिळून चुकू."

दोघं मिळून दोनदा चुकले. लेकीने दार उघडलं तेव्हा आई एका अनोळखी, अर्धी दाढी केलेल्या माणसाचा दंड धरून उभी होती.

"ह्या तुमच्या आई का? दिसत नाही म्हणाल्या, म्हणून आणलं."

"काय म्हणाल्या?" लेकीने विचारलं.

"दिसत नाही म्हणाल्या." आणि तो फेस वाळायच्या आत पळाला.

दार लागलं. बाई पलंगाच्या कडेला बसल्या. "हरले. अट ती अट. ने सोफ्यावर."

लेक तिच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "सुई गेली तेव्हा हे का नाही म्हणालीस?"

"शेजारपाजारी म्हणायला जड जातं. हा साबण फासलेला माणूस, उद्या भेटेल न भेटेल."

"आई, तू वाट चुकशील ह्याची मला भीती नव्हतीच गं. तू गप्प बसशील ह्याची होती. शेजारणीला म्हणशील हे? तर घर मोडायचं नाव काढत नाही."

"बघू."

"बघू नाही."

पहिलं बंदर आलं. ह्या वेळी त्या खाली उतरून बाकावर बसल्या, कारण बाजार मागच्या आठवड्यातच बघून झाला होता. लेकीने शेजारणीला फोन लावला आणि आईच्या हातात दिला. बाईंनी आधी पाणी आलं का विचारलं. मग मांजराची चौकशी केली. मग कोपऱ्यावरच्या दिव्याची. लेक खांद्याला खांदा लावून बसलेली, जागची हलेना.

"ऐक गं," बाई शेवटी म्हणाल्या, "मला नीट दिसत नाही आता."

"ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे," पलीकडून उत्तर आलं. "मागे माझ्या सुनेच्या झग्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्यात, त्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस, भवाने?"

"तुम्ही बोलू द्याल तर ना! परत आलात की घराची एक चावी माझ्याकडे द्या. आणि तो झगा तसाच पडलाय, उसवायला मी बसेन तुमच्याजवळ."

बाईंनी फोन लेकीकडे दिला. "घरी गेल्यावर चावी करून घ्यायची आहे," त्या म्हणाल्या. "आणि त्या झग्याचं मला आधी कुणी का सांगितलं नाही, ते विचार तिला."